न घेतलेल्या शेळीचं कर्ज

आंजी (मोठी) इथल्या एका बचत गटाच्या वहीत माझ्या वहिनीच्या नावापुढं कर्ज लिहिलंय. रुपये बारा हजार. कारण : शेळी.

ही शेळी गावात कुणी पाहिली नाही. आमच्या दादानंही नाही. तो बुटीबोरीला कंपनीत कंत्राटी कामावर, महिन्यातून दोनदा घरी येतो. मागं मी गावी गेलो तेव्हा ओट्यावर बसून मला म्हणाला, "तुह्या वहिनीनं शेळी घेतली मने, अन् मरूनबी गेली. शेळी मेली बापा, कर्ज जितं हाये."

मी खाली मान घातली. कारण ती शेळी काय होती ते मला कळलं होतं. आणि ते कर्ज माझ्यामुळं झालं हेही.

तिला विचारून हे लिहितोय. "नाव नोका टाकू, बाकी लिवा," म्हणाली. ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात. बाकी घडलं तसं.

२०२३ चा पावसाळा. निंदणाचे दिवस. मी नागपुरात खोली करून राहणारा, चळवळीतला पोरगा. मोर्चा म्हटला की पुढं, माईक मिळाला की घसा कोरडा होईस्तोवर. एका रात्री वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तीन हजार पायजेत. कोणाले सांगू नोका."

"कायले?"

"पोट रायलं. दोन लेकरं हायेत. तिसरं नाही पोसवत मले."

आणि मी, साला, समतेवर तासभर बोलणारा मी, पहिला प्रश्न काय विचारला? "दादाले माहीत हाये का?"

तिकडून काही आलं नाही. मग "राहू द्या" म्हणाली, फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. मनाशी म्हटलं, नवराबायकोची भानगड आहे, आपण मधे कशाला. दुसऱ्या दिवशी एका परिसंवादाला गेलो. विषय कोणता होता ते आता आठवत नाही.

तेव्हा तिला सहा-सात आठवडे झाले होते. गावातल्या दवाखान्यात ती गेलीच नाही. तिथं सगळे ओळखीचे, बाहेर रांगेत अर्धी वस्ती. म्हणून एक दिवसाची मजुरी बुडवून दुसरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं, नवऱ्याची सही आणा. दुसऱ्यांदा गेली तर म्हणे, "ऑपरेशन करून घेत असाल तर हेही करून देऊ." म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन. तिसऱ्यांदा सांगितलं, सोनोग्राफी बाहेरून करून आणा. प्रत्येक खेपेला निंदणाचे दोनशे रुपये गेले, एसटीचं भाडं गेलं, लेकरं शेजारणीकडं सोपवण्याची मिनतवारी वेगळी. असं करता करता अकरावा आठवडा लागला. शेवटी एका खाजगी डॉक्टरकडं गेली. त्यानं नऊ हजार मागितले. नऊ हजार डॉक्टरचे, उरलेले औषधपाण्याचे, येण्याजाण्याचे आणि बुडालेल्या रोजीचे. गटातून बारा हजार उचलले. कर्जाला कारण लिहावं लागतं. बाईला जे पाहिजे होतं त्याचा रकाना त्या वहीत नव्हता. तिनं शेळी लिहिली.

दोस्तहो, कायदा काय म्हणतो ते आता ऐका.

१९६४ साली केंद्र सरकारनं एक समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९६६ ला अहवाल आला. १९७१ ला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. १९७२ म्हणजे ज्या साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेच साल. आपण पन्नास वर्षं त्या सालाच्या नावानं घोषणा देतो, पण त्याच साली आपल्या आयाबहिणींच्या हाती काय आलं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

या कायद्यात बाई अठरा वर्षांवरची असेल तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासूची नाही, बापाची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं साधन फसल्याचं कारण लग्न न झालेल्या बाईलाही दिलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवडे असतील तर ठरावीक परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मतानं. बाईचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हा. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद चालणार नाही. सरकारी दवाखान्याला या कामासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही, शिकलेला डॉक्टर तेवढा पाहिजे. आणि तिथं हे काम मोफत.

म्हणजे कागदावर माझ्या वहिनीला एक पैसा लागायला नको होता. प्रत्यक्षात बारा हजार लागले. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आपल्या बाया मरतात, नाहीतर कर्ज फेडत जगतात.

हे पैसे चढतात कसे तेही नीट समजून घ्या. पहिल्या ९ आठवड्यांत गोळ्यांनी काम होतं. डॉक्टरच्या सल्ल्यानं दोन प्रकारच्या गोळ्या, किंमत शेकड्यांत. १२ आठवड्यांपर्यंत पिशवी साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया. त्यापुढं मोठा दवाखाना, भरती होणं, जास्त धोका, जास्त पैसे. २० नंतर दोन डॉक्टर. २४ नंतर वैद्यकीय मंडळ, नाहीतर कोर्ट. जिच्याकडं पैसे आहेत ती सातव्या आठवड्यात मोकळी होऊन चहा पीत बसते. जिच्याकडं नाहीत ती पैसे गोळा करत बसते. पैसे गोळा होईस्तोवर आठवडे जातात, आठवडे गेले की पैसे अपुरे पडतात, मग पुन्हा गोळा करायचे. सावकाराचं व्याज महिन्यानं चढतं, हे आठवड्यानं चढतं. आणि यात पहिले तीन आठवडे माझ्या एका प्रश्नानं खाल्ले. तीन हजार तेव्हाच दिले असते, उद्या सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर भेट म्हणालो असतो, तर शेळी जन्मालाच आली नसती.

देशात काय चाललंय? २०१५ सालासाठी अभ्यासकांनी काढलेला अंदाज आहे की त्या वर्षात भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास तीनचतुर्थांश दवाखान्याच्या बाहेर, कुठून तरी मिळवलेल्या गोळ्यांनी. म्हणजे बाया थांबलेल्या नाहीत. कायद्याच्या दारात उभं राहून कंटाळल्या आणि मागच्या दारानं गेल्या. आता तर मागचं दारही बंद होत आलंय. मुली पोटात मारल्या जातात म्हणून ओरड झाली, ती खरीच होती. पण सरकारनं काय केलं, तर सोनोग्राफीवाल्याच्या जोडीला गोळ्या विकणाऱ्याचीही मानगूट धरली. महाराष्ट्रात कितीतरी दुकानदारांनी ही औषधं ठेवणंच सोडून दिलं. कोण त्या झंझटीत पडणार? लिंग ओळखणं हा गुन्हा आहे, गर्भपात हा गुन्हा नाही, एवढं साधं वाक्य अजून दुकानदाराला, पोलिसाला आणि कधीकधी डॉक्टरलाही पाठ झालेलं नाही. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. मग सातव्या आठवड्यातल्या बाईला मदत केल्यानं कोणती मुलगी मरते?

आमच्या जिल्ह्याची तऱ्हा आणखी न्यारी. बापूंचा जिल्हा म्हणून कित्येक वर्षांपासून इथं दारूबंदी. आणि दारू? फोन करा, घरपोच येते. जी बंद आहे ती दाराशी येते, जी कायद्यानं दिली आहे ती गोळी मिळवायला तालुका पालथा घालावा लागतो.

आंजीवरून जो रस्ता पुढं आर्वीला जातो, त्या आर्वीत जानेवारी २०२२ मध्ये काय निघालं ते विसरलात काय? तेरा वर्षांच्या एका मुलीचा बेकायदा गर्भपात केल्याची तक्रार झाली. पोलिसांनी एका खाजगी दवाखान्याच्या मागची गोबरगॅसची टाकी उपसली. त्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडं निघाली. चार दिवस टीव्हीवाले आले, आमच्या रस्त्यानं गाड्या पळवल्या, गेले. तेरा वर्षांच्या पोरीला गरोदर राहिल्यावर कायद्यानं जायची जागा होती. पोक्सो लागतो, पोलिसात कळवावं लागतं, पण सरकारी दवाखान्यात तिला नीट वागवायची सोय कायद्यात आहे. ती तिथं का पोचत नाही? कारण तिच्यासोबत जाणारं कुणी नसतं. तिच्या बाजूनं पैसा नसतो, समोरच्याकडं असतो. मग जागा, वेळ, डॉक्टर, सगळं समोरचा ठरवतो.

काही जण म्हणतील, हा बायकांचा प्रश्न, चळवळीत कशाला. त्यांना वर्ध्याचाच इतिहास सांगतो.

डिसेंबर १९३५. संततिनियमनाचा प्रचार करणारी अमेरिकेतली मार्गारेट सँगर गांधींना भेटायला वर्ध्याला आली. बायांच्या हाती साधनं देण्याला तुम्ही पाठिंबा द्या, एवढंच तिचं मागणं. गांधींनी नकार दिला आणि संयम सांगितला. ज्या बाईला नवऱ्यापुढं 'नको' म्हणायची सोय नाही, जी दिवसभर दुसऱ्याच्या वावरात वाकते, तिला संयम! तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ ला, मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तो बाबासाहेबांचा. ते स्वतः हजर नव्हते म्हणून पी. जे. रोहम यांनी मांडला. बाईला मूल नको असेल तर कारण काहीही असो, ते टाळणं तिच्या हाती असलं पाहिजे, असा त्या भाषणाचा रोख. सभागृहानं ठराव पाडला. त्याच्या आधी, १९३४ मध्ये, र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची वकिली करायला उभे राहिले तेही बाबासाहेबच. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तिथं बाबासाहेबांनी हजारो बायांना समोरासमोर सांगितलं की जास्त मुलं होऊ देऊ नका.

१९३८ चा ठराव गर्भपाताचा नव्हता, हे मला कळतं. पण पोट कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न तोच आहे. त्याहून मागं जा. १८६३ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, सुखरूप जावं. आणि आलेल्या बाया बहुतेक ब्राह्मणांच्या. जोतीरावांनी दारात उभं राहून "घरच्यांना माहीत आहे का?" असं विचारलं नाही. दार उघडलं, खर्च स्वतः सोसला. आपण त्यांचे फोटो लावतो. दार मात्र माझ्यासारखे अर्धं लावून घेतात.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' कोण त्याची व्याख्या आहे. त्यात भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी यांच्यासोबत स्त्रियाही आहेत. वाचताना तो शब्द आपण घाईनं ओलांडला.

दुसरा एक आक्षेप आपल्याच विहारातून येतो. पंचशीलाचं पहिलं शील काय सांगतं, म्हणून. त्या शीलाच्या शेवटी 'समादियामि' आहे. म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. शील आपण घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या पोटावर बसवायचं नसतं. आणि ज्यांना या प्रश्नावर अचानक शील आठवतं, त्यांना बायकोला मारताना कोणतं शील आठवतं, तेही एकदा विचारलं पाहिजे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. हे सरकारचं काम, आपण वर्गणी करून सरकारला मोकळं का सोडायचं? बरोबर. सरकारची नियतही मला माहीत आहे. गरीब बाईच्या गर्भाशयात सरकारला रस नाही असं नाही, भलताच रस आहे. आणीबाणीत नसबंदीसाठी माणसं कशी पकडली ते आपल्या बापांनी पाहिलंय. १९७६ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आजही नसबंदी करून घेणाऱ्या बाईला सरकार मोबदला देतं. पण गर्भपाताला आलेल्या बाईची बुडालेली रोजी कुणी भरून देत नाही. तिनं कायमचं पोट बांधून घेतलं तर पैसे, आत्ता नको म्हणाली तर हेलपाटे.

पण सरकारकडून मिळेस्तोवर नवव्या आठवड्यातल्या बाईनं काय करायचं? मोर्चाची तारीख धरून बसायचं?

अमेरिकेत १९७३ ला न्यायालयानं गर्भपाताचा हक्क दिला. तीनच वर्षांत, १९७६ ला, तिथल्या संसदेनं गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतून त्याचा पैसा काढून घेतला. हक्क ठेवला, भाडं काढलं. ऑक्टोबर १९७७ मध्ये टेक्सासमधल्या मॅकॅलन गावात रोझी हिमेनेझ नावाची २७ वर्षांची बाई मेली. मेक्सिकन वंशाची, एका लेकीची आई, शिक्षिका व्हायला शिकत होती. पैसे नाहीत म्हणून स्वस्तातल्या, बेकायदा ठिकाणी गेली. तिच्या पर्समध्ये शिष्यवृत्तीचा चेक होता. शिक्षणाचा पैसा तिनं मोडला नाही, जीव मोडला. आपल्या वसतिगृहातल्या, स्कॉलरशिपवर जगणाऱ्या पोरींनी हे वाक्य पुन्हा वाचावं. त्यानंतर तिथल्या बायांनी गावोगाव पेट्या उभ्या केल्या. डॉक्टरचे पैसे, गाडीभाडं, रात्रीचा मुक्काम, लेकरं सांभाळायला माणूस. २४ जून २०२२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो हक्कही काढून घेतला, तेव्हा बंदी असलेल्या राज्यातून बायांना बाहेर काढायला याच पेट्या कामाला आल्या.

आपल्याला पेटी नवी नाही. १४ एप्रिलला वर्गणी आपण करतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांच्या जेवणाची करतो, ६ डिसेंबरच्या गाडीची करतो. डीजेला हजारो जातात. त्यातून एक वाटा काढायचा. माझी योजना साधी आहे.

पेटीची किल्ली वस्तीतल्या दोन बायांकडं. पुरुषांनी पैसे टाकायचे, किल्ली मागायची नाही. आलेल्या बाईला कारण विचारायचं नाही. लग्न झालं का, नवऱ्याला माहीत आहे का, कितवं आहे, काही नाही. विचारायचं फक्त, आठवडे किती. पैसे भोंदूकडं किंवा काडी घालणाऱ्या बाईकडं जायला नाहीत. कायद्यानं मान्य डॉक्टरकडं, आणि शक्यतो सरकारी दवाखान्यात जायला. सोबत एक बाई जाईल. कुणी नवऱ्याची सही मागितली की ती शांतपणे सांगेल, कायद्यात नाही, असेल तर लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की भल्याभल्यांचा सूर बदलतो. अडून नसबंदी करायला लावली तर तेही लिहून मागायचं. बाई अठराच्या आतली असेल तर पोक्सोचं काय ते जाणकार वकिलाला विचारून, पोरीला एकटं न सोडता. पुढं रक्त जास्त गेलं, ताप आला तर पुन्हा दवाखान्यात न्यायचे पैसे आधीच बाजूला ठेवायचे.

आणि एक वही. तिच्यात नाव नाही, गाव नाही. फक्त तारीख, आठवडा आणि कशावर किती खर्च झाला : भाडं, बाहेरची सोनोग्राफी, बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेली औषधं. जे मोफत म्हणून लिहिलंय त्याला प्रत्यक्षात किती लागले त्याचा हिशेब. वर्षभरानं ही वही घेऊन जिल्हा परिषदेवर जायचं आणि बेरीज मोठ्यानं वाचायची. हे दान नव्हे, दोस्तहो. सरकारकडं आपली थकबाकी आहे, तिची ही पावती आहे.

वहिनीनं मागच्या वर्षी दादाला स्वतःच सांगितलं. कुणी सांगायला लावलं नाही, तिला वाटलं तेव्हा सांगितलं. दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गटाचा हप्ता घेऊन स्वतः भरून आला. येताना तिला म्हणाला, "मले नाही सांगतलं, ठीक हाये. पण त्याले फोन केलता, त्यानं कावून नाही देल्ले?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही. आमच्या वस्तीत पेटी ठेवलीय. पहिले बारा हजार मी टाकलेत. हप्त्याहप्त्यानं, वहिनीनं फेडले तसेच.

जयभीम.